कसबी हातांची बाग

१८८१ साली जॉर्ज लेस्ली या इंग्रज चित्रकाराचे टेम्स नदीवरचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. नदीकाठच्या घरांच्या आणि माणसांच्या गोष्टी सांगता सांगता त्याने आपल्या ओळखीच्या एका बाईंविषयी लिहिले आहे. या बाईंना येत नाही असे उपयोगाचे हातकाम सापडणे कठीण, असे म्हणून त्याने यादीच दिली: लाकडातले कोरीवकाम, मातीकाम, घराची रंगाई, सुतारकाम, लोहारकाम, धातूच्या पत्र्यावर ठोकून काढलेली नक्षी, लाकडातले जडावकाम, भरतकाम. बागकामही या यादीत आहे, पण बरेच खाली, शेवटाकडे.

या बाई म्हणजे गर्ट्रूड जीकल. पुस्तक निघाले तेव्हा तिचे वय ३७ होते. पुढे जगाने यादीतले बाकी सगळे विसरून हे शेवटाकडचे कसब तेवढे लक्षात ठेवले. सुमारे ४०० बागांचे आराखडे, डझनाहून अधिक पुस्तके आणि हजारावर लेख असा तिचा नंतरचा हिशेब आहे. इंग्लिश फुलबाग म्हटल्यावर जे चित्र आज दिनदर्शिकांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर दिसते, ते बऱ्याच अंशी तिने घडवलेले आहे. बागकामाच्या शाळेत ती एक दिवसही गेलेली नव्हती, कुणा माळ्याच्या हाताखाली उमेदवारीही केलेली नव्हती. तरीही तिच्या बागा समजून घ्यायच्या तर फुलांपासून सुरुवात करून भागत नाही. सुई, कुंचला आणि छिन्नी ही तिची आधीची हत्यारे होती, आणि बागेत उतरताना तिने ती खाली ठेवली नाहीत.

गर्ट्रूडचा जन्म २९ नोव्हेंबर १८४३ चा, लंडनच्या मेफेअरमधला. सात भावंडांत ती पाचवी. वडील सैन्यातले कॅप्टन, घर खाऊनपिऊन सुखी म्हणावे त्याहून बरेच वर. (तिचा धाकटा भाऊ वॉल्टर हा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा मित्र. १८८६ मध्ये स्टीव्हन्सनने एका दुभंगलेल्या डॉक्टरची गोष्ट लिहिली तेव्हा नायकाला या कुटुंबाचे आडनाव दिले. तेव्हापासून जीकल मंडळींना आपल्या नावाबरोबर मिस्टर हाइडलाही सांभाळावे लागले.) १८४८ मध्ये कुटुंब सरे परगण्यातल्या ब्रॅम्ली या गावी राहायला गेले. भावांबरोबर, कुत्र्याला आणि तट्टाला घेऊन माळावर आणि पाणंदींतून भटकणे हे तिचे बालपण. रेव्हरंड जॉन्स यांचे रानफुलांवरचे सचित्र पुस्तक हाती आले आणि एकेक फूल तोडून, चित्रांशी ताडून ती नावे शिकत गेली. वनस्पतींचे तिचे पहिले शिक्षण हे असे झाले. पुस्तकाची पाने सुटेपर्यंत तिने ते वापरले.

‘स्वयंशिक्षित’ हे विशेषण मात्र तिला सरसकट लावता येत नाही. बागेच्या बाबतीत ते पूर्ण खरे आहे, चित्रकलेच्या बाबतीत नाही. १८६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील कलाशाळेत नाव घातले. तिच्या वर्गातल्या घराण्यातली मुलगी पियानो वाजवी, थोडी जलरंगातली फुले काढी आणि लग्नाची वाट पाही. रोज उठून कलाशाळेत जाणे ही वेगळी गोष्ट होती. तिथे अलंकरण, शरीररचना, रंगशास्त्र असे विषय होते. वनस्पतींच्या रचनेवर ख्रिस्टोफर ड्रेसर व्याख्याने देत, आणि पान-फूल-देठ यांची बांधणी नीट पाहायला शिकवत. मुंबईकरांना इथे एक ओळखीचा धागा सापडेल. त्याच सुमारास साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाच्या कामावर जॉन लॉकवुड किपलिंग नावाचा तरुण शिल्पकार होता. १८६५ मध्ये तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पे त्याची आहेत.

शाळेनंतरची दहा-बारा वर्षे तिने जे मिळेल ते शिकण्यात घालवली. १८६३ च्या अखेरीस ब्रिटिश म्युझियममधले पुरातत्त्वज्ञ चार्ल्स न्यूटन आणि त्यांची चित्रकार पत्नी मेरी यांच्याबरोबर ती ऱ्होड्स, कॉन्स्टँटिनोपल आणि अथेन्सला जाऊन आली. १८७३-७४ चा हिवाळा तिने स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या बार्बरा बोदिशाँ यांच्याकडे अल्जिअर्समध्ये काढला. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, तापलेल्या टेकड्यांवर करड्या-रुपेरी पानांची झुडपे तिने पाहिली. पुढे तिच्या वाफ्यांत करड्या पानांना जो मान मिळाला त्याचे मूळ या प्रवासांत असावे. लंडनला असली की नॅशनल गॅलरीत बसून ती टर्नरच्या चित्रांच्या नकला करी. धुके, समुद्र आणि मावळतीचा प्रकाश यांत एक रंग दुसऱ्यात कधी विरघळतो ते कळू नये, ही टर्नरची करामत. ती हाताने गिरवल्याशिवाय समजत नाही.

याच काळात कलासमीक्षक रस्किन आणि रचनाकार विल्यम मॉरिस यांच्याशी तिची ओळख झाली. कारखान्यांनी घराघरांत स्वस्त आणि बेढब वस्तूंचा पूर आणला होता, आणि वस्तू घडवणाऱ्या माणसाच्या हातातला आनंदही त्यात वाहून गेला, अशी या दोघांची तक्रार होती. या विचारातून उभी राहिलेली चळवळ १८८७-८८ पासून ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. गर्ट्रूडला हा विचार पटवून द्यावा लागला नाही. ती आधीपासून तसेच जगत होती. लॉर्ड लेटन या नामांकित चित्रकारासाठी तिने भरतकाम केले. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या ईटन हॉल या प्रचंड वाड्याच्या अंतर्गत सजावटीचे काम तिच्याकडे आले. तिने फुलदाण्यांचे नमुनेही काढले. तोंड रुंद, पाणी भरपूर मावेल अशा साध्या काचेच्या त्या ‘मन्स्टेड’ फुलदाण्या बाजारात विकल्या गेल्या. रंगात बुडालेली एक श्रीमंत कुमारिका एवढीच तिची प्रतिमा करून घेतली तर हा व्यवहारी भाग नजरेतून सुटतो.

बागेकडे ती वळली ती एका संपादकामुळे. विल्यम रॉबिन्सन हा आयरिश माणूस तिखट लेखणीचा. १८७१ पासून तो ‘द गार्डन’ हे साप्ताहिक चालवत होता. १८७५ मध्ये गर्ट्रूड त्याच्या कचेरीत जाऊन त्याला भेटली आणि पुढे त्याच्यासाठी लिहू लागली.

रॉबिन्सन भांडत होता तो व्हिक्टोरियन बागेशी. त्या बागेत काचघरात वाढवलेली हजारो हंगामी रोपे उन्हाळ्यात बाहेर आणून भौमितिक वाफ्यांत दाटीवाटीने बसवत: लाल जिरेनियम, पिवळी कॅल्सिओलारिया, निळी लोबेलिया. थंडी आली की सगळे उपटून टाकायचे. आपल्याकडे नगरपालिकेच्या उद्यानात रंगीत रोपांनी ‘स्वागतम्’ लिहिलेले असते, तो याच घराण्यातला दूरचा वारसा. रॉबिन्सनला हा प्रकार पाहून अंगाचा तिळपापड होई. गर्ट्रूड त्याच्या बाजूची, पण तिचे डोके अधिक थंड होते. बिचाऱ्या जिरेनियमचा यात काय दोष, तिला वाईट वापरले ते माणसांनी, अशी तिची भूमिका होती. तिने स्वतःच्या बागेत जिरेनियम सन्मानाने लावली. वनस्पतीत वाईट काही नसते, ती कुठे आणि कुणाशेजारी बसते यावर सगळे ठरते, हा धडा रंगाच्या पेटीतून आलेला आहे.

१८७६ मध्ये वडील वारले. आईने सरे परगण्यातच गोडल्मिंगजवळ मन्स्टेड हाउस बांधले. १८७८ पासून तिथली बाग गर्ट्रूडकडे. पाच वर्षांत ती जागा अपुरी पडली आणि रस्त्यापलीकडचा सुमारे १५ एकरांचा एक त्रिकोणी तुकडा तिच्या ताब्यात आला. जमीन म्हणाल तर वाळूची, आम्लयुक्त, नापीक. त्यावरचे पाइनचे जुने रान तोडलेले, आणि आपोआप उगवलेली बर्च, ओक, हॉली, चेस्टनट यांची पोरे माजलेली. दुसऱ्या कुणी सगळे साफ करून घेतले असते. तिने वर्षानुवर्षे फक्त विरळणी केली. एका भागात बर्चच जास्त ठेवायचे, दुसऱ्यात ओक, आणि पायवाट एका रानातून दुसऱ्यात शिरताना सांधा दिसू नये. घराचा अजून पत्ता नव्हता, पण बाग वाढत होती. मन्स्टेड वूड या नावाने ही जागा पुढे प्रसिद्ध झाली.

१८८९ मध्ये, रोडोडेंड्रॉन जोपासणाऱ्या एका शेजाऱ्याकडे चहाला, तिला एडविन ल्युटेन्स भेटला. तो वीस वर्षांचा, नुकताच धंद्यात पडलेला वास्तुकार. ती पंचेचाळीसची. चहा संपेपर्यंत तिने त्याच्याशी एक अक्षर काढले नाही. निघताना, एक पाय तट्टाच्या गाडीच्या पायरीवर ठेवून, पुढच्या शनिवारी मन्स्टेडला ये म्हणाली. मग दोघे त्या तट्टाच्या गाडीतून सरेच्या आडवाटा धुंडाळू लागले. जुनी कौलारू घरे, ओकच्या तुळया, धुराडी, कुंपणे, फाटकांचे कडी-कोयंडे हे सगळे ते थांबून थांबून पाहत. तो तिला ‘आंट बंप्स’ म्हणे.

त्याने तिच्यासाठी आधी ‘द हट’ नावाचे छोटे घर बांधले, आणि १८९६-९७ मध्ये मन्स्टेड वूडचे मुख्य घर. दगड तिथलाच, बारगेटचा, ओक जवळपासचा, गवंडी आणि सुतारही आसपासचे. नक्षीच्या एखाद्या हौसेवरून तरुण वास्तुकार अडून बसला की ती सुनावे: हे घर मी राहण्यासाठी बांधते आहे, वास्तुकलेचे प्रदर्शन म्हणून नाही. घर बांधले जात असताना ती शेजारच्या हटमध्ये मुक्कामाला होती. पुढे तिने लिहिले आहे की करवत, थापी, हातोडी यांच्या आवाजावरून कोणते काम चालले आहे ते तिला बसल्या जागी कळे. कारागिरांना हाताशी धरून वाढलेली बाई होती ती.

याच दरम्यान तिच्या डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी लहानपणापासूनच अधू होती. १८९१ मध्ये जर्मनीतल्या वीसबाडेन येथे डॉ. पागेनश्टेखर या नामांकित नेत्रतज्ज्ञाने तिला तपासले आणि सांगितले की उरलेली दृष्टी टिकवायची असेल तर चित्रकला आणि भरतकाम थांबवा. सुई आणि कुंचला एकाच दिवशी गेले.

या प्रसंगाची एक सोपी कथा नंतर तयार झाली: डोळे अधू म्हणून तिला फुले धूसर दिसत, म्हणून तिच्या बागेत रंगांचे मोठे धूसर पट्टे आले. ऐकायला छान आहे, पण तारखा जुळत नाहीत. टर्नरच्या नकला तिने पंचवीस वर्षे आधी केल्या होत्या, आणि रॉबिन्सनच्या ‘इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ या ग्रंथात बागेतल्या रंगांवरचा मजकूर तिने १८८३ मध्येच लिहिला होता. वीसबाडेनच्या डॉक्टरने तिला बागकार केले नाही. बाकीची दारे बंद केली, इतकेच. शिवाय १८८५ पासून तिने कॅमेरा हाती घेतला होता, स्वतः अंधाऱ्या खोलीत छायाचित्रे धुतली होती. पुढच्या पुस्तकांत छापलेली बरीच छायाचित्रे तिचीच आहेत. दूरचे नीट न दिसणाऱ्या माणसाला बागेचे काळेपांढरे चित्र कागदावर हातात धरून, डोळ्यांजवळ आणून तपासता येत होते. वाफ्याची रचना कुठे ढिली पडली आहे हे रंग काढून घेतल्यावर चटकन कळते.

आता त्या वाफ्याकडे यायला हवे, कारण तिची खरी कीर्ती त्यावर उभी आहे. मन्स्टेड वूडचा मुख्य वाफा २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होता. मागे ११ फूट उंचीची दगडी भिंत, तिच्यावर वेली आणि झुडपे. एका टोकाला करडी पाने, निळी, पांढरी, फिकट पिवळी, फिकट गुलाबी फुले. पुढे चालत जावे तसा पिवळा गडद होत जाई, मग केशरी, आणि मधोमध लाल भडका. तिथून पुन्हा उतरण: केशरी, पिवळा, आणि दुसऱ्या टोकाला करड्या पानांसोबत जांभळे-लव्हेंडर रंग. मधल्या लाल पट्ट्यातली मंडळी आपल्या परिचयाची आहेत. त्यात डेलिया होते, कर्दळ होती, झेंडू होता. गरम देशांतल्या या भडक फुलांना इंग्लंडातले सुरुचीसंपन्न लोक नाक मुरडत. तिने त्यांना वाफ्याचा कळस दिला, पण तिथवर पोचायच्या आधी डोळ्याला शंभर फूट तयारी करायला लावली.

या तयारीमागे शास्त्र होते. शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. गालिच्यातला काळा धागा फिका का दिसतो, अशा तक्रारी तपासताना त्याच्या लक्षात आले की दोष धाग्याचा नसून शेजारच्या रंगाचा आहे. डोळा एका रंगाने तृप्त झाला की त्याच्या विरोधी रंगाला भुकेला होतो. १८३९ मध्ये त्याने हे मांडले आणि चित्रकारांनी ते उचलले. गर्ट्रूडने ते मातीत उतरवले. केशरी-पिवळ्या बागेतून फिरून माणूस करड्या-निळ्या बागेत शिरला की तो निळा त्याला एरवीपेक्षा कितीतरी उजळ भासतो. म्हणून तिने एकरंगी बागांची मालिका सुचवली आणि त्यांचा क्रमही ठरवून दिला. वाचकांसाठी तिने एक प्रयोगही सांगितला आहे, तो दसऱ्याला कुणालाही करून पाहता येईल: केशरी झेंडूच्या फुलाकडे अर्धा मिनिट नजर न हलवता पाहावे, आणि लगेच त्याच्या पानांकडे पाहावे. पाने निळी दिसतात.

नियमांची ती गुलाम मात्र नव्हती. निळी बाग म्हणजे निळ्याखेरीज काही लावायचेच नाही, या हट्टाची तिने थट्टा केली आहे. त्या निळ्या बागेला पांढऱ्या लिलीची किंवा फिकट पिवळ्याची गरज असेल तर ती द्यावी. बाग आधी सुंदर हवी, मग निळी.

तिची लावणीची रीतही चित्रकाराची. रोपांचे गोल किंवा चौकोनी पुंजके करण्याऐवजी ती लांबट, तिरकस, एकमेकांत शिरणारे पट्टे आखी, कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखे. याचा फायदा रंगापुरता नव्हता. फुलोरा संपून रोप केविलवाणे झाले तरी लांबट पट्टा पुढच्या-मागच्या रोपांआड लपतो. गोल पुंजक्याचे भगदाड मात्र डोळ्यांत खुपते.

ही भगदाडे बुजवण्याच्या तिच्या युक्त्या वाचताना रंगमंचामागची धावपळ आठवते. डेल्फिनियम जुलैत फुलून गेले की मागे राहतात नुसते काटकुळे दांडे. ते ती तोडत नसे. त्यांच्या पाठीमागे तिने आधीच पांढरा वेलवाटाणा लावून ठेवलेला असे, तो त्या दांड्यांवर चढे. वाटाणा सरला की जांभळी क्लेमॅटिस तिथे ओढून घ्यायची, तीही सरली की दुसरी, उशिरा फुलणारी पांढरी क्लेमॅटिस. एका जागेवर चार हंगाम. जिप्सोफिलाचा पांढरा ढग वाळून तपकिरी झाला की शेजारचा नॅस्टर्शियम त्यावर सोडून द्यायचा. आणि एवढे करूनही कुठे उघडे पडले तर राखीव कुंड्या होत्याच: हायड्रेंजिया, लिली, होस्टा. कुंड्या वाफ्यात नेऊन ठेवायच्या, पानांनी काठ झाकायचे.

हे सगळे तिने स्वतःच्या दोन हातांनी केले असे मात्र नाही. तिच्याकडे माळ्यांचा ताफा होता आणि त्यांचा मुखिया आल्बर्ट झुंबाख हा स्वित्झर्लंडचा कसलेला माणूस होता. स्वयंशिक्षणाला लागणारा वेळ, चुका परवडण्याइतकी जमीन आणि घरचा पैसा हे तिच्याजवळ होते. ते ज्यांच्याजवळ नव्हते त्यांच्याकडूनच ती बरेच शिकली, हेही तितकेच खरे. सरेच्या खेड्यांतल्या मजुरांच्या झोपड्यांपुढे हात-दोन हात जागेत भाजी, गुलाब, हॉलिहॉक आणि मसाल्याची रोपे एकत्र नांदत. रस्त्यावरून जाताना ती गाडी थांबवून त्या बागा पाही. मन्स्टेडचे पिवळे-पांढरे प्रिमरोझ तिने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केले. ‘मन्स्टेड’ लव्हेंडर तिचे, आणि ‘मिस जीकल’ नावाचे निळे निगेलाही. निगेला म्हणजे आपल्या कलौंजीचे सख्खे भावंड. १९०४ मध्ये ‘ओल्ड वेस्ट सरे’ हे तिचे पुस्तक आले. त्यात फुले जवळपास नाहीतच. चुलीची साधने, दिवे, खुर्च्या, शेतकऱ्यांचे अंगरखे, म्हाताऱ्या माणसांची बोली आणि रीतिरिवाज असा सगळा ऐवज आहे. या वस्तू ती वर्षानुवर्षे गोळा करत होती. नंतर तो संग्रह तिने गिल्डफर्डच्या संग्रहालयासाठी देऊन टाकला. तिच्या पुस्तकांत हे सगळ्यात कमी वाचले जाणारे असेल, पण तिची मुळे कुठे होती ते सांगणारे हेच आहे.

१८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्यानिमित्त मानाचे पदक सुरू करून ते साठ जणांना दिले. त्यांत स्त्रिया दोनच: एलन विल्मॉट आणि गर्ट्रूड जीकल. १८९९ मध्ये पहिले पुस्तक ‘वुड अँड गार्डन’ आले तेव्हा ती ५५ वर्षांची होती. त्यानंतर पुस्तकांची रीघ लागली. १९०८ मध्ये दोन निघाली. एक ‘कलर इन द फ्लॉवर गार्डन’, तिच्या सगळ्या विचारांचे सार. दुसरे मुलांसाठी बागकामावर, ज्यात तिच्या मांजरांना स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे.

ल्युटेन्सबरोबर तिने शंभराच्या आसपास बागा केल्या. सॉनिंगची डीनरी गार्डन ही ‘कंट्री लाइफ’ साप्ताहिकाच्या एडवर्ड हडसनची, सॉमरसेटमधले हेस्टरकूम हे त्यांतले बहुधा सर्वोत्तम काम. ल्युटेन्स दगडी पायऱ्या, कठडे, पाण्याचे सरळ पाट यांची काटेकोर भूमिती आखी आणि ती त्यावर झाडे अशी सोडी की दगडाचा कोरडेपणा उतरावा. भिंतीच्या फटींतून फुले, पायऱ्यांच्या सांध्यांत डेझी. बागेत वास्तुकाराचे राज्य असावे की माळ्याचे, यावर त्या काळी इंग्लंडात कडाक्याचा वाद चालू होता. रॉबिन्सन एका बाजूला, वास्तुकार रेजिनाल्ड ब्लोमफील्ड दुसऱ्या. ल्युटेन्स-गर्ट्रूड जोडीने वादात न पडता तो निकालात काढला.

वय वाढले, डोळे आणखी मंदावले, प्रवास नकोसा झाला. तेव्हा ती टपालाने बागा करू लागली. घरमालकाने जागेचा नकाशा, छायाचित्रे आणि डब्यात थोडी माती पाठवायची. ती माती चोळून पाहायची, आराखडा काढायची, आणि हवी असल्यास रोपेही मन्स्टेडच्या रोपवाटिकेतून पाठवायची. अशा अनेक बागा तिने प्रत्यक्ष कधी पाहिल्याच नाहीत. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका जुन्या पाद्रीघरासाठी तिने काढलेला आराखडा असाच समुद्रापार गेला.

पहिल्या महायुद्धानंतर एक वेगळे काम आले. फ्रान्समधल्या ब्रिटिश युद्ध-दफनभूमी उभारणाऱ्या वास्तुकारांत ल्युटेन्स होता. त्याने तिच्याकडून काही दफनभूमींचे लागवडीचे आराखडे करून घेतले. ती तेव्हा पंचाहत्तरीला आलेली. आजही या दफनभूमींत थडग्यांच्या रांगांलगत घरच्या अंगणातली साधी, बुटकी फुले दिसतात ती या विचारातून: शिलालेख झाकला जाऊ नये, आणि मुलगा गमावलेल्या आईला तिथे ओळखीचे काही दिसावे.

१९२० मध्ये ल्युटेन्सच्या सांगण्यावरून विल्यम निकोल्सन तिचे व्यक्तिचित्र काढायला मन्स्टेडला आला. दिवसाउजेडी बसून राहायला तिची तयारी नव्हती, कारण तेव्हा काम असते. मग संध्याकाळी दिव्याच्या प्रकाशात ती बसू लागली. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या निकोल्सनने तिचे बागेतले फाटके, चिखलाने कडक झालेले बूट रंगवले. ते चित्र आता टेट संग्रहात आहे आणि व्यक्तिचित्राहून अधिक लोकांना ठाऊक आहे.

त्या वेळी ल्युटेन्स नवी दिल्ली घडवण्यात गुंतलेला होता. व्हाइसरॉय हाउसच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाच्या बागेत गर्ट्रूडचा हात नाही. ती भारतात कधी आली नाही, आणि तिथली लागवड विल्यम मस्टो या उद्यान अधिकाऱ्याने केली. पण दगडी पाटांची कडक भूमिती आणि तिच्या कडांवर ओसंडणारी फुले ही जोडी ल्युटेन्सने आधी सरे आणि सॉमरसेटमध्ये, या बाईबरोबर हातात हात घालून, पक्की केली होती. चारबागेची चौकट मुघलांची असली तरी तिच्या वापरात हेस्टरकूमचा सराव दिसतो.

८ डिसेंबर १९३२ रोजी ८९ व्या वर्षी ती वारली. बसब्रिजच्या चर्चच्या आवारात ल्युटेन्सने तिचे थडगे घडवले. नावाखाली तीनच शब्द आहेत: कलावंत, बागकार, कारागीर. क्रम विचारपूर्वक लावलेला असावा.

त्यानंतर बागांचे जे व्हायचे ते झाले. फुलबाग ही इमारत नव्हे. दोन पावसाळे दुर्लक्ष झाले की आराखडा गवताखाली जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर माळी परवडेनासे झाले, मन्स्टेड वूडची जमीन तुकड्यांत विकली गेली, हेस्टरकूममध्ये परगण्याच्या अग्निशमन दलाचे मुख्यालय आले. तिची कागदपत्रे वाचली ती बीट्रिक्स फॅरंड या अमेरिकन उद्यानरचनाकार स्त्रीमुळे. तरुणपणी, १८९५ मध्ये, ती मन्स्टेडला येऊन गेली होती. तिने शेकडो आराखडे विकत घेतले आणि १९५५ मध्ये आपल्या संग्रहासह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेला दिले. १९७० च्या दशकात हेस्टरकूमची बाग पुन्हा उभी करायला घेतली गेली, १९८० च्या दशकात हॅम्पशायरमधल्या अप्टन ग्रेची, आणि दोन्ही ठिकाणी तिने कोणत्या कोपऱ्यात कोणते रोप किती लावायला सांगितले होते ते तिच्या आराखड्यांवरून कळले. मन्स्टेड वूड २०२३ मध्ये नॅशनल ट्रस्टने विकत घेतले.

तिची पुस्तके आता स्वामित्वहक्कातून मोकळी झाली आहेत आणि इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. सुरुवात रंगांवरच्या १९०८ च्या पुस्तकापासून करावी. डेल्फिनियम आपल्या उन्हाळ्यात जगणार नाही, तेव्हा रोपांच्या याद्या सोडून द्याव्यात. एक फूल सरताना त्याच जागी दुसरे कसे आणायचे, आणि कोणत्या रंगाशेजारी कोणता ठेवायचा, हा भाग गॅलरीतल्या चार कुंड्यांनाही लागू पडतो.